वाऱ्याच्या पिशवीतलं दुपटं

बल्लीले झोका नोता.

सकाळी म्याच टांगला होता, दोन गाठी मारून, अन् त्याच्यात माही नऊ महिन्याची छबी निजवली होती. आता छताच्या बल्लीले नुस्ता आकडा लोंबून रायला होता. कापडाच्या गठ्ठ्यामांगं पायलं, टेबलाखाली पायलं, डब्ब्याइच्या मांगं पायलं. पोट्टी नाई. मंग शेडाच्या दारातून मैदानाकडं नजर गेली. समोरच्या उंच खांबापाशी आमच्या कामावरचे साहेब, थॉमस सार्जंट, दोर ओढून रायले होते, अन् त्या दोराले लटकून माहा झोका वर चालला होता. लाल-पांढऱ्या पट्ट्याचा. बुडाशी जड. हेलकावे खाऊन रायला होता.

"साहेब! थांबा! माही पोट्टी!" मी बोंबलली. पन त्याच टायमाले डोक्यावरून विमान गेलं घर्रर्र करत, अन् माही बोंब मलेच आयकू नाई आली.

थांबा, जरा दम खाऊ द्या. चार वर्सं झाले याले.

तुमी म्हनसान, लेकराचा झोका खांबावर काऊन चढन? थे समजाले आंदी बाकीचं सांगा लागते. आमच्या मोहल्ल्यातले गुरुजी दिवाळीचा अंक काढतात. त्याहीनं मले म्हनलं, "पोरी, तू विमानाच्या मैदानावर काम केलं, थे लिव." मी म्हनलं, "गुरुजी, मी चवथी सोडेल बाई, मले काय लिवता येते?" त म्हने, "जशी बोलतं तशी लिव, शुद्ध मी करतो." मी म्हनलं शुद्ध नका करू, नाईतर लोक म्हनतीन नवऱ्यानं लिवून देल्लं. म्हनून हे असं हाय. चुकीचं असन त गुरुजीले बोला.

त थे मैदान अकोल्याच्या बाहीर. इंग्रजाच्या लढाईतलं. माहा बाप बार्शीटाकळीकडचा, थो सांगे का तवा गावोगावच्या बायामानसाइले गिट्टी फोडाले नेलं होतं, काळ्या मातीवर मुरूम टाकला, धुम्मस मारली, अन् लांबलचक पट्टी तयार झाली. मंग लढाई सरली, गोरे गेले, अन् पट्टी आमच्या लोकाइले सापडली. इतकी सपाट जागा कोनं पायली होती? कोनी मिरच्या वाळू घातल्या, कोनी ज्वारी उपनली, एक वर्स त तठी शंकरपट भरला अन् बैल असे सुटले का पट्टी सरली तरी थांबेनात, एक जोडी नाल्यात गेली. लोकाइले वाटलं हे आता आपलंच. मंग चीनची लढाई झाली. एका सकाळी ट्रक आले, तंबू आले, अन् एक शिपाई म्हने, मिरच्या उचला, अठी पोट्टे विमान शिकनार हायत.

लोकाइनं मिरच्या उचलल्या, पन मैदानाचा हक्क काई सोडला नाई. म्हशी येत. एक बुढी रोज गेटवर येऊन बसे, म्हने मले गुरुकुंज मोझरीले सोडून द्या, एस्टीत लय धक्के बसतात. शिपाई म्हने, "आजी, हे सरकारी विमान हाय, लढाईचं." त म्हने, "आता कुठं लढाई चालू हाय? रिकामंच त फिरून रायलं!"

अन् मी तठी काऊन गेली? आमचे हे जिनात होते, कापसाच्या गाठी बांधाले. मशिनीत उजव्या हाताची तीन बोटं गेली. हात बांधून घरी बसले. सासू दुसऱ्याच्या वावरात कापूस येचाले जाय. छबी चार महिन्याची. घरात कमावनारं मानूस म्हंजे मीच उरली, अन् मले येत काय होतं त शिवन. मैदानावर शिवनाऱ्या बाया घेऊन रायले असं आयकलं म्हनून गेली. मले वाटलं साहेब लोकाइचे पडदे शिवा लागतीन. थॉमस सार्जंटनं माह्या हातात फाटेल पंख देल्ला.

विमान म्हंजे लोखंडाचं असते असं तुमाले वाटते. मलेबी वाटे. ह्या शिकाऊ विमानाइचे पंख म्हंजे लाकडाच्या बरगड्या अन् वरून कापड. खरं सांगते, कापड! चादरीपक्षा जरा गच्च विनीचं. थे फाटलं का आमच्या शिलाईच्या खोलीत याचं. मेन लावलेला दोरा, वाकडी सुई, अन् दर सहा टाक्यामांगं एक गाठ. गाठ काऊन? एक टाका तुटला त बाकीचे उसवत जाऊ नये म्हनून. वर ठिगळ लावाचं, अन् मंग डोप नावाचं पातळ रंगावानी कायतरी फासाचं. थे सुकलं का कापड तबल्यावानी तनते. टिचकी मारली का टन्न वाजलं पायजे. नाई वाजलं त सार्जंट पुन्ना उसवाले लावत. डोपाचा वास असा का जास्त हुंगला त मानसाले उगंच हासू येते. आमच्या वच्छलाबाई एक डाव इतक्या हासल्या का मोठ्या साहेबाच्या जिपीले पाहून म्हने, "हे पाय वं, रेडा चश्मा लावून आला."

वच्छलाबाई म्हंजे माह्यासोबतची दुसरी शिवनारी. दीक्षाभूमीवर जाऊन आलेली बाई, पोरगा नागपूरले कॉलेजात, कोनाच्या बापाले भेत नोती. मी सगळ्याइलेच भेत होती. आमची जोडी बरी जमली. छबी तिच्याच हातची भाकर चोखून वाढली, हे माह्या सासूले सांगू नका.

थॉमस सार्जंट लांबून कुठून त समुद्राकडचे, हिंदी बोलत त आमाले वाटे का हा मानूस भांडून रायला. पन टाका पायला का सांगत कोनाचा हाय. "ये वच्छला. ये तुम." एकदा एका कैडेटनं, कैडेट म्हंजे विमान शिकाले आलेला जवान पोरगा, अंजनगाव सुर्जीकडं वावरात विमान उतरवलं. पेट्रोल सरलं होतं. गावकऱ्याइनं त्याले हार घातला, पानमळ्यातली पानं भेट देल्ली, अन् पंख काट्यानं फाटला होता त एका बाईनं तठीच सुतळी अन् दाभन घेऊन शिवून देल्ला. थे विमान तसंच उडत आलं! सार्जंटनं थी सुतळी नखानं ओढून पायली. मंग म्हने, "ये औरत का नाम पूछो. इसको नौकरी देगा." मले असं भेव वाटलं का आता माही जाते. दोन दिवस मी पानीबी पेली नाई खोलीबाहीर जाऊन.

आता झोक्याचं सांगते. छबी दुधावरची. दूध माह्यापाशी, अन् मी मैदानावर. नियम असा का आत लेकरू आनाचं नाई, आनलं त दुसऱ्या दिवशीपासून याचं नाई. मंग काय करा? कापडाच्या टोपल्यात तिले ठेवलं, वरून चिंध्या, अन् गेटातून आत. कधीमधी टोपलं कण्हे. पहारेकरी विचारे, "बाई, काय हाय?" मी म्हनलं मांजर हाय, खोलीत उंदीर कापड कुरतडतात. तो भला मानूस. काई दिवसानं म्हने, "तुमची मांजर खोकून रायली, तिले तुळशीचा काढा द्या."

डोपाच्या वासात लेकरू ठेवता येत नाई, म्हनून मांगच्या शेडात झोका बांधाचा ठरला. अन् बांधाले काय भेटलं? वाऱ्याची पिशवी. मैदानावर उंच खांबाले कापडाची लांब पिशवी लटकवेल असते, तोंड रुंद, त्याले लोखंडी कडं, अन् शेपटाकडं निमुळती होत गेलेली, दोन्हीकून उघडी. वारा तोंडातून शिरते, शेपटातून निंगते, अन् पिशवी ताठ होऊन दाखवते का वारा कुठं चालला. थ्या पिशव्याबी आमीच शिवत होतो. एक जुनी, उन्हानं विटलेली, टाकून देल्ली होती. वच्छलाबाईनं कड्याले धरून वर टांगली अन् म्हने, "पाय वं, देवानं झोकाच धाडला!" फक्त शेपूट उघडं, लेकरू खालून सटकन. म्हनून म्या शेपूट शिवून टाकलं. सहा टाके, एक गाठ. पक्कं. छबी त्याच्यात अशी बसे जशी थैलीत लौकी. इंजिनाच्या आवाजानं सार्जंटचे कान अर्धे गेले होते, म्हनून माही पोट्टी पाच महिने त्याइच्या नाकासमोर वाढली अन् त्याइले पत्ता नाई.

अन् एक चौबे. कैडेट. तिकडं लांब गंगेकडचा, काडीवानी, पाच बहिनीइत एकटा भाऊ. त्याच्या सदऱ्याचं बटन रोज तुटे. वच्छलाबाई म्हने, "तुटत नाई, तोडते. घरची आठवन आली का बटन घेऊन येते." मले दीदी म्हने. मी त्याच्यापक्षा लहान असन! थोच एक छबीले पाहेल होता. त्यानं तिले लाकडाचा खुळखुळा आनून देल्ला अन् कोनाले सांगतलं नाई.

चौबेचं दुखनं एकच. उडे चांगला, पन उतरताना विमान बेडकावानी उड्या मारे. दोन डाव त्याच्या कागदावर लाल शेरा पडला होता. तिसरा पडला त घरी. एक दिवस बटन लावता लावता म्हने, "दीदी, विमान हवा के मुँह पर मुँह देकर उतरता है. हवा पीछे से मिली तो रुकता ही नहीं." मी म्हनलं, "म्हंजे आमच्या उलटं. आमी तिव्याच्या उंच तिपाईवर उभं राहून ज्वारी उपनतो तवा वारा पाठीवर घेतो, नाईतर सारा कोंडा तोंडात." त हासला. म्हने, "तो दीदी, आप मुझसे अच्छी पायलट हैं." लेकराले मस्करी सुचे, अन् मले त्याची कीव ये.

आता थ्या दिवसाचं.

चैत सरत आला होता. सकाळचा वारा उगवतीकून होता, म्हनून विमानं उगवतीकडं तोंड करून उडाली. चौबे एकटाच उडाला. दुसऱ्या विमानात शिकवनारे साहेब दुसऱ्या पोट्ट्याले घेऊन लांब गेले. दहा वाजता एकदम वारा फिरला. मावळतीकून असा सुटला का मैदानावरची धूळ गरगर उठली अन् खांबावरची पिशवी फाटून चिंध्या झाली. मी तवा पल्याडच्या छपरात पंखाले ठिगळ लावून रायली होती. सार्जंट नवी पिशवी घ्याले आमच्या शेडात धावत आले. नवी पिशवी टेबलावर घडी करून होती, माह्या भाकरीच्या फडक्याखाली. त्याइले दिसली बल्लीले टांगलेली. त्याइले वाटलं, रंग सुकाले टांगली असन. काढली अन् नेली. बुडाले वजन लागलं त वाटलं रंग ओला असन.

मी शेडात आली तवाचं तुमाले सुरवातीले सांगतलं.

मी खांबाकडं धावली. चपला कुठं गेल्या मालूम नाई. अर्ध्या रस्त्यात मांगून आवाज आला, "अवं ए बह्याडे! कुठं पळतं? हे पाय तुही राणी!" वच्छलाबाई नळाकून येऊन रायली होती, छबी कमरेवर, उघडीनागडी, ओली, हासून रायली. "मुतली होती, धुवाले नेली. दुपटं झोक्यातच रायलं. काऊन वं, काय झालं?"

मी तठीच मातीत बसली. रडू का हासू समजेना. बोटानं खांब दाखवला. वच्छलाबाईनं वर पायलं. पिशवी पार टोकाले. मंग तिनं पदर तोंडात कोंबला, तरी हासू बाहीर आलंच. "बाप्पा बाप्पा! मुतेल दुपटं सरकारी खांबावर!"

"साहेबाले सांगू का?"

"गप राय. नोकरी जास्त झाली का तुले? पोट्टी खाली हाय, दुपटं वर हाय. सांजीले उतरवू."

मलेबी हासू आलं. खोटं काऊन बोलू, आमी दोघी पोट धरून हासलो. अन् हासता हासता माहा पदर वाऱ्यानं उडून तोंडावर आला, मी तो काढला, पुन्ना आला. मंग मले समजलं.

पदर उडून रायला होता. धूळ उडून रायली होती. अन् खांबावरची पिशवी मुकाट लोंबून रायली होती. शेपूट शिवेल, बुडात ओलं दुपटं, खुळखुळा, अन् मले वाटते अर्धी भाकरबी असन. वारा तिच्यात शिरत होता, पन निंगाले जागा कुठं? थोडी फुगे, गिरकी घे, पुन्ना पडे. वरून पाहनाऱ्याले वाटन, खाली पान हालत नाई.

अन् वरून पाहनारा चौबे होता.

मचाणावर एक मानूस हिरवा-लाल दिवा घेऊन बसे. काचेच्या खोलीत बसेल मानसाले वारा कुठून समजन? त्यानंबी पिशवीकडंच पायलं अन् हिरवा दिवा दाखवला, म्हंजे उतर. सार्जंट सायकलीवर बसून पार त्या टोकाच्या गोदामात गेलते. ह्या विमानात बोलाचं काई यंत्र नसे. चौबे वळला. सकाळी उडाला तसाच, उगवतीकडं तोंड करून, म्हंजे पाठीवर मावळतीचा वारा घेऊन खाली येऊन रायला होता. अन् पट्टीच्या त्या टोकाले नाला. जिथं शंकरपटाचे बैल गेलते.

"वच्छलाबाई, थो मरते!"

"कोन?"

मी उठली. शेडात गेली, पंखाच्या कापडाचं अख्खं थान उचललं, पांढरंफेक, एक गठ्ठा, अन् मैदानात पळाली. विचार काई केला नाई. केला असता त गेलीच नसती. पट्टीच्या कडेले गवतात उभी रायली, एक टोक मनगटाले गुंडाळलं, अन् बाकीचं थान वर फेकलं, जसं तिव्यावरून सूप हालवावं तसं. वाऱ्यानं थे घेतलं! असं उलगडलं, असं उलगडलं का मलेच ओढत नेलं. पांढरी लांब नदीच. अन् तिचं शेपूट नाल्याकडं.

विमान समोरून आलं. इतकं खाली का चौबेचा चश्मा दिसला. मी डोळे मिटले. आवाज वाढला, वाढला, अन् डोक्यावरून वर गेला. सारं थान माह्या अंगावर येऊन पडलं, मी आत गुरफटली, मुडद्यावानी. आतूनच आयकलं का विमान फिरलं, दुसऱ्या अंगानं आलं, वाऱ्याच्या तोंडाले तोंड देऊन, अन् उतरलं. एकबी उडी नाई. बेडूक नाई, बगळा उतरला.

थान काढून पायलं त समोर थॉमस सार्जंट. घामानं ओले. त्याहीनं मले पायलं, खांबाकडं पायलं, मंग शेडाच्या दारात वच्छलाबाई छबीले घेऊन उभी, तिकडं पायलं. पिशवी खाली ओढली. उपडी केली. दुपटं पडलं, खुळखुळा पडला. भाकर खरंच होती. त्याहीनं शेपटावरून बोट फिरवलं.

"छे टाका, एक गाँठ. ये तुम."

"हो साहेब."

"अन्दर किसका बच्चा?"

"माहीच साहेब. मांजर नाई थे."

"और चढ़ाया कौन?" सार्जंटनं सोताच्याच छातीले बोट लावलं. "मैं."

कारन नियम त्याइचाच होता. पिशवी चढवाच्या आंदी तोंडातून हात घालाचा अन् शेपटातून काढाचा. आमाले हजार डाव सांगतलेला. त्या दिवशी घाईत त्याहीनंच हात घातला नाई.

तेवढ्यात लांबून मोठ्या साहेबाची जीप येताना दिसली. सार्जंटनं इकडंतिकडं पायलं, अन् तुमाले खोटं वाटन, ओलं दुपटं सोताच्या सदऱ्यात कोंबलं, खुळखुळा खिशात घातला, म्या सांगतली तशी माह्या फडक्याखालची नवी पिशवी आनून सरसर चढवली. जीप येऊन थांबली तवा खांबावर नवीकोरी पिशवी ताठ, मावळतीच्या वाऱ्यात शाळेतल्या पोरीवानी सरळ.

आमाले सगळ्याइले हाफिसात नेलं. मी, सार्जंट, मचाणवाला, अन् चौबे. मोठे साहेब टेबलामांगं. सार्जंटनं सलाम ठोकला अन् खिशातून आवाज आला, खुळ्ळ. 

मोठ्या साहेबानं मान वर केली. "क्या है?"

"चाबी, सर."

मंग चौबेले विचारलं, हवा पीठ पर लेकर क्यों उतर रहे थे? चौबे म्हने, "सर, सॉक गिरा हुआ था. हवा नहीं थी." सॉक म्हंजे थीच वाऱ्याची पिशवी. मोठ्या साहेबानं खिडकीतून बोट दाखवलं. पिशवी फडफड करत ताठ. "वो गिरा हुआ है?" चौबेनं पायलं. त्याचं तोंड असं झालं जसं आपल्याच डोळ्यानं त्याले फसवलं. मचाणवाल्याले विचारलं त तो म्हने, माह्या ध्यानात नाई. तो काऊन कबूल करन? मंग मोठे साहेब माह्याकडं वळले.

"तुमने कपड़ा दिखाया. शाबाश. तुमने देखा था सॉक? गिरा था?"

सारे माह्याकडं पाहून रायले. सार्जंटच्या सदऱ्यावर पोटापाशी ओला डाग हळूहळू मोठा होऊन रायला होता. हो म्हनलं असतं त पुढं विचारलं असतं काऊन गिरा था, मंग झोका, मंग छबी, मंग सार्जंटच्या बाहीवरची पट्टी, मंग माही नोकरी. घरी तुटेल बोटाचा मानूस बसेल.

मी म्हनलं, "म्या पिशवीकडं पायलंच नाई साहेब. मले वारा पदरावरून समजते."

मोठे साहेब हासले. म्हने, वाह. म्हने, बोलो, क्या इनाम चाहिए? माह्या तोंडून निंगून गेलं, "झोका टांगाले जागा द्या साहेब. लेकरू हाय माहं." त्याहीनं माह्याकडं पायलं, मंग सार्जंटच्या त्या डागाकडं लय वेळ पायलं. म्हने, "शेड के पीछे. ठीक है." सार्जंटनं सलाम ठोकला. खुळ्ळ.

अन् चौबेच्या कागदावर लाल शेरा पडला. मांगून वेळेवर सावरलं म्हनून घरी नाई धाडलं, पन खालच्या तुकडीत टाकलं. त्याच्यासंगचे पोट्टे छातीवर पायलटच्या पंखाचा बिल्ला लावून गेले, हा तठीच रायला, नव्या पोट्ट्याइच्या रांगेत. अन् बटन घेऊन येऊन मले म्हने, "दीदी, आप न होतीं तो मैं नाले में होता." माह्या पाया पडला. मी पाय मांगं घेतले. बटन लावून देल्लं. राखी आली, राखी बांधली.

सगळ्यात वाईट हे का त्याले आपल्या डोळ्याचा भरोसा रायला नाई. डॉक्टरले दाखवलं, डोळे चांगले. तरी रोज गाजर खाय, निजताना डोळ्यात तूप घाले. उतराच्या आंदी पिशवीकडं तीन तीनदा पाहे. मी खालून पाहत उभी राहो, अन् मनात म्हनो, लेका, तुहे डोळे खरे होते, मीच खोटी. सार्जंटबी नजर खाली करत. आमी तिघं, मी, वच्छलाबाई अन् सार्जंट, ह्याच्यावर कधी एक शब्द बोललो नाई. बदली झाली तवा सार्जंटनं कागदात गुंडाळून खुळखुळा माह्या हातात देल्ला अन् म्हने, "हाथ डालके देखना था." बस. 

चौबेले उशिरा का होईना पंख भेटले. आता मोठी विमानं उडवते, लोखंडाची. तशीच विमानं आली म्हनून आमचं मैदानबी बंद झालं. कापडाले ठिगळ कोन लावन आता? ह्या पावसाळ्यात तंबू उठले. गेल्या हप्त्यात गेली होती त पट्टीवर मिरच्या वाळू घातल्या होत्या. थ्या बुढीनंच. म्हने, "सोडलं नाई नं मेल्याइनं मोझरीले." खांब हाय अजून, पिशवी नाई. माह्यापाशी शाबासकीचा इंग्रजी कागद हाय, आमच्या ह्याइनं फ्रेम करून भिंतीले लावला. मी त्याच्याकडं पाहत नाई, पदर डोळ्यावर ओढून झाडते.

आता नोकरीच नाई त भेव कायचं? तरी हाय. चौबेची चिठ्ठी आली. भाऊबीजेले येऊन रायला. लिवते का दीदी, इतने दिन हुए, उस दिन की बात आपके मुँह से पूरी सुननी है. अन् खाली लिवलं, डोळ्यात तूप अजून घालतो, पन रोज नाई.

छबी आता पाच वर्साची, थ्या खुळखुळ्यानं तिचा भाऊ खेळते. वच्छलाबाई म्हने, "सांगू नको वं, गेलेल्या भावापक्षा फसेल भाऊ बरा." आमचे हे म्हनतात, सांग. ताट मांजून ठेवलं हाय, निरांजनाची वातबी वळून झाली. सांगतलं त त्याचे डोळे त्याले परत भेटतीन, पन भाऊ राहीन का नाई मालूम नाई. नाई सांगतलं त भाऊ राहीन, अन् थो रोज तिकडं आभाळात आपल्या डोळ्यावर शक घेऊन फिरन. 

मले चवथीपर्यंतचंच येते. तुमी शिकेल लोक हा. ओवाळून सांगू, का सांगून ओवाळू? माह्या जागी तुमी असते त काय केलं असतं?